मागाहून मोजलेला वारा

वारा आला तेव्हा कुणी मोजला नाही.
तुरमुरीच्या शाळेवर एक यंत्र होतं,
तीन वाट्यांचं, फिरणारं.
ते उसात सापडलं, दोन वाट्यांसकट.
तिसरी अजून फिरत असेल कुठेतरी.

म्हणून आम्ही. चौथ्या दिवशी.
टेप, वही, शून्य ते पाचाचा तक्ता,
आणि हिरेमठ साहेबांची छत्री,
जी त्या गावात उघडायची
त्यांना लाज वाटत होती.

ही मोजणी उलटी असते:
आधी मोडतोड, मग वेग.
चिखलातला पंजा बघून
जनावर केवढं होतं ते सांगावं, तशी.
कौलं सरकली, काजूच्या डहाळ्या मोडल्या: शून्य.
पत्रे सोलून निघाले: एक.
छप्परच्या छप्पर वाशांसकट उठलं: दोन.
त्यापुढचं इथे कुणाला आठवत नाही,
तरी तक्त्यात ते असतं,
बाचीच्या पोरांच्या नकाशात
समुद्र असतो तसं.

साहेब कानडीत लिहितात, सुंटरगाळी.
मी मराठीत विचारते, वावटळ कुठून आली वो?
माणसं दोन्ही शब्द बाजूला ठेवतात,
हातानंच सांगतात:
बोट वर, मनगट गोल गोल,
आणि शेवटी
तळवा उताणा.

भरमाण्णा सुतारांचं घर नवं.
माडीची अख्खी भिंत आडवी, अंगणात,
गिलाव्यावर अजून ओला हिरवा रंग.
साहेब म्हणाले, हे कामाचं.
पक्की वीट, सिमेंट चांगलं,
हिला पाडायला किती लागतं ते पुस्तकात आहे.
त्यांनी दोन लिहिला, खाली रेघ मारली.

शेजारी सातेरी मजुकर.
त्याच्याकडे फक्त चौकट उभी होती,
आतही आभाळ, बाहेरही आभाळ.
साहेबांनी ढेकूळ चिरडून बघितलं.
मातीची भिंत. मेढी वाळवीनं पोखरलेल्या.
हे साध्या वाऱ्यालाही गेलं असतं.
लिही, एक. एकसुद्धा जास्तच.

मराठीत सांगायचं काम माझं.
मी सांगताना थोडं गाळलं,
तरी त्याला कळलं.
खानापुरी कौलाचा तुकडा
हातात उलटसुलट करत तो म्हणाला,
म्हंजे माझ्याकडं वारा कमी आलता काय वो?

नाही, सातेरीमामा.
घर जेवढं तग धरतं
तेवढीच त्याची साक्ष धरतात.
तुमच्या भिंती लवकर गप्प झाल्या,
पुढचं सांगायला उरल्याच नाहीत.
हे मी म्हणाले नाही.
मी टेपचं टोक धरून उभी होते.

मग त्याची बायको, गुणव्वा,
इतका वेळ भांडी उचलत होती ती,
म्हणाली, मागं चला की जरा.
मागे साग होता. कमरेएवढ्या घेराचा,
मधोमध पिळून मोडलेला,
ओलं धुणं पिळावं तसा.
साहेब बराच वेळ बघत राहिले.
घेर मोजला, उंची मोजली,
आणि दोन लिहिला.
सागाच्या ओळीत.
घराच्या ओळीतला एक तसाच राहिला,
दोघांत अंतर सात पावलं.

पुढे माळ. माळावर हद्दीचा दगड,
पलीकडे शिनोळीची शेतं, दुसरं राज्य, दुसरी वही.
गवत एका अंगानं विंचरल्यासारखं पडलेलं,
पट्टा थेट दगडावरून पलीकडे गेलेला.
इथे काय लिहू, मी विचारलं.
साहेब म्हणाले, इथे मोडण्यासारखं काही नाही.
म्हणजे तक्त्यानुसार
माळावर वारा आलाच नव्हता.

जीप वळवताना मागे बघितलं.
सातेरी घागर घेऊन येत होता.
चारी बाजू मोकळ्या, कुठूनही जाता आलं असतं.
तो वळसा घालून पुढे आला,
चौकटीपाशी थांबला, पायताण काढलं,
आणि डोकं वाकवून आत गेला.