मागच्या वह्या

चार दिवस कारल्याचा रस पिऊन
जनकगंजच्या लॅबमध्ये शिरलो, उपाशी, निष्पाप.
सुईवाली मुलगी हसली :
"अंकल, इसमें भूखे पेट की ज़रूरत नहीं.
ये तीन महीने का देखता है."

एजी ऑफिसात बत्तीस वर्षं मी हेच केलं.
आम्ही येणार म्हटलं की तालुक्याची कचेरी
आदल्या रात्री चुना मारून बसायची.
मी म्हणायचो, भिंती राहू द्या,
मागच्या वह्या काढा.

आठ पॉइंट चार.
राजूरकर डॉक्टरीणबाईंनी
रिपोर्टच्या पाठीवर तांबडी पेशी काढली,
पेढ्यासारखी, मधे अंगठ्यानं दाबलेली.
हिचं आयुष्य जेमतेम चार महिने, म्हणाल्या.
रक्तात असेल तेवढी साखर हिला चिकटते,
मरेपर्यंत सुटत नाही.

म्हणजे डिसेंबर आहे तर अजून माझ्यात.
गच्चीवरचं ऊन,
त्र्यंबकदादाच्या स्वेटरच्या खिशात
वर्तमानपत्रात बांधलेली गजक,
"वहिनीला कळू देऊ नकोस,"
आणि दाताखाली तीळ.
संक्रांतीच्या आधीच गेला तो.

आता चालतो.
मेळा उठलेल्या मैदानाला दोन फेऱ्या,
भात वाटीभर, चहा बिनसाखरेचा.
जूनमध्ये आकडा उतरेल, बाईंना खात्री आहे.
मलाही आहे.

फक्त तेव्हा अंगात
ती गजक चाखलेली
एकही पेशी उरलेली नसेल.

हिशेब चोख.
सही कुठे करू, तेवढं सांगा.