वर्तुळं काढायची आहेत

पद्मजा मगदूम पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली,
"ताई, डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढायची आहेत."
मी क्रीमची डबी उघडली, दर सांगितला.
ती म्हणाली, "तशी नाही.
काढायची म्हणजे, पेन्सिलीने."

एकवीस वर्षं गावभागात पार्लर आहे माझं.
माझ्या हाताखालून जेवढ्या नवऱ्या गेल्या
त्या सगळ्यांच्या आया मागे उभ्या राहून
एकच सांगायच्या, जरा उजळ करा.
आणि ही, मार्केट यार्डात
हळदीच्या अडत्याकडे हिशेब लिहिणारी पोर,
मोबाइल पुढे धरून म्हणते, अशी करा.
बाई राखेच्या रंगाची,
गालावर जुना वार, ओठ फुटलेले.
कुठल्याशा गेममधली म्हणे,
नाव तीनदा विचारलं, तीनदा विसरले.
"ही झोपत नाही, ताई. वेशीवर पहारा देते.
गाव कधीच निघून गेलंय,
हिला कुणी सांगितलेलंच नाही."

मग फेब्रुवारीपासूनचे सगळे रविवार.
योगाच्या जुन्या चटया कापून खांदेपट्टे,
फ्लेक्सवाल्याकडून उसन्या आणलेल्या हीट गनने वाकवलेले.
गच्चीवर चंदेरी स्प्रे मारला तर वारा फिरला,
घोरपडेकाकूंचे अकरा पापड चांदीचे झाले.
काकू ओरडल्या, मग दहा टाकून दिले,
एक ठेवलाय शोकेसमध्ये.

टोप नाटकाच्या ड्रेपरीतून.
लेंगरेअप्पांनी विचारलं, "कुठल्या राणीचा?"
"राणी नाही, पहारेकरी."
"मग भाडं निम्मं."
वर स्पिरिट गमची अर्धी बाटली देत म्हणाले,
"कपाळाच्या कडेला कमी लाव, घामाला वाट ठेव.
नाहीतर दुसऱ्या अंकात
सगळं राज्य नाकावर घसरतं."

वार मी टिश्यूचा केला. डिंक, कॉफी, चिमूटभर कुंकू.
दोनदा फसला. पहिला हसल्यासारखा दिसत होता.
सगळं जमलं, फक्त नखं अडली.
लिंबू लावलं, रॉकेल लावलं,
नखांतली हळद काही हलेना.
राखाडी हात आणि दहा पिवळे ठिपके.
पद्मजा बराच वेळ बघत राहिली, म्हणाली,
"असू दे. गाव निघायच्या आदल्या दिवशी
एखादं लग्न झालं असेल की."

मारुती चौकातला स्टुडिओ, बारशांचा आणि पासपोर्टचा.
तलवार तिच्या वडिलांनी स्कूटरवरून आणली,
हळदीच्या पोत्यात गुंडाळून, तोंड सुतळीने शिवून.
बाबर फोटोग्राफर सवयीने म्हणाला, हसा.
ती हसत नाही, मी म्हटलं.
मग हनुवटी वर.
ती दमलीय.
बाबरने कॅमेरा खाली ठेवला. विचार केला.
मागचा धबधब्याचा पडदा, त्यातले दोन हंस,
गुंडाळून वर नेले.
उघडी भिंत निघाली.
पोपडे, आणि छातीएवढ्या उंचीवर
पुराच्या पाण्याची रेघ, आडवी, सरळ,
पट्टीने मारल्यासारखी.
"रंग द्यायचा राहिलाय," तो ओशाळून म्हणाला.
पद्मजा त्या रेघेला पाठ लावून उभी राहिली,
तलवारीचं टोक जमिनीवर,
आणि दाराकडे बघू लागली
कुणीतरी परत येणार असल्यासारखी.

तिचे वडील तेव्हा बाहेर गेले. चहा सांगायला, म्हणाले.
चहा काही आला नाही.

रात्री पार्लरमध्ये खोबरेल तेलाने सगळं उतरवलं.
राख गेली. वार एका ओढीत निघाला.
डोळ्यांखाली मात्र बोळा फिरवते, फिरवते,
काळं काही पुसलं जाईना.
पेन्सिल तर एवढी चिवट नाही, मी म्हटलं.
"ती पेन्सिल नाही, ताई," डोळे मिटूनच म्हणाली,
"मार्च एंड चाललाय."

पावतीवर मी लिहिलं, वर्तुळं काढली.
रकमेच्या रकान्यापाशी
पेन तसंच राहिलं हातात.