कऱ्हाडचा अर्धा र

वर्षाला साडेतीन हजार रुपये
मी एका ब्राउझरला देते,
हे गणपती पेठेत कळलं तेव्हा
शेजारच्या भांड्यांच्या दुकानातून
शीतलअण्णा हातातलं पातेलं पुसत पुसतच आले.
"खुळी का काय गं तू? जगाला फुकट मिळतंय की.
उद्या वाऱ्याचंबी बिल भरशील."

नाव सांगितलं तर कुणी ऐकलेलं नाही.
खूण म्हणून एक मिटलेली छत्री,
आणि कुठल्याशा थंड देशात तीन माणसं,
एवढंच मलाही माहीत.

माझं दुकान आठ बाय दहाचं.
दाखले, उतारे, भरतीचे अर्ज, कुणाचं बारसं, कुणाचं तेरावं.
रुक्साना दुपारी बसते टायपिंगला, ती म्हणते,
म्हाताऱ्या बाईचा खाते नंबर टाकताना
मध्येच कुणी रमी खेळायला बोलवत नाही,
तेवढ्यावर मी खूश.

मुजावर चाचा मिरजेच्या छापखान्यात खिळे जुळवायचे.
आता मोतीबिंदू. चष्मा कपाळावर ढकलून
पडद्याला नाक लावून वाचतात.
"पान थांबतंय ह्यात," म्हणाले.
"दुसरीकडं ओळीवर बोट ठेवावं तर ओळच खाली घसरती."

लठ्ठे वकिलांचा कारकून मात्र तोंड वाकडं करतो,
आणि त्याचं खोटं नाही.
सरकारी पोर्टल ह्याला दारातच उभं करतं:
कृपया दुसरा ब्राउझर वापरा.
मग मी फुकटवाला उघडते,
काम झालं की लगेच मिटते,
जसं वडील अडत्याच्या पेढीवरून आले की
आधी हात धुवायचे.

वडील हळदीच्या सौद्यात तोलाईला होते.
त्यांनी सांगितलेलं मी विसरले नाही:
पूर्वी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा.
देणारा, घेणारा, दोघांनाच कळायचं.
ज्याची हळद, तो पोत्यावर बसून
रुमालाच्या हलण्याकडे बघत राहायचा.
फुकट म्हटलं की मला तो रुमाल दिसतो.

पण खरी गोष्ट ही नाही.
खरी गोष्ट कऱ्हाडची.

घेतलं त्या वर्षी ह्या छत्रीवाल्यात
कऱ्हाड नीट उमटतच नव्हतं.
र तुटून पडायचा, पायाशी एक काडी,
आणि ह बिचारा एकटाच पुढे उभा.
तऱ्हा, दऱ्या, सुऱ्या, सगळ्या लंगड्या.
शीतलअण्णांचा वाराही लंगडला असता.

मी मोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं.
अकरा दिवस काही नाही.
बाराव्या दिवशी उत्तर, एका माणसाचं, सहीसकट:
हे अक्षर आम्ही कधी पाहिलं नाही,
कसं दिसतं ते दाखवाल का?

मी स्टँडवर गेले.
सांगली–कऱ्हाड गाडी फलाटाला लागलेली.
पाटीचा फोटो काढताना कंडक्टर म्हणाला,
"तक्रार करताय काय बाई?"
"होय," म्हटलं, "पण तुमची नाही."

फोटोत र जवळची ती आडवी कोयती
मी लाल गोलात घेतली आणि पाठवली.

दोन महिन्यांनी नवी आवृत्ती आली.
बदलांच्या यादीत सगळ्यात खाली एक ओळ:
एका भाषेतलं एक अक्षर दुरुस्त केलं.
चाचांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले,
मग बोटानं काचेवरच चाचपलं,
खिळा बसलाय का बघावा तसं.

कारकून म्हणाला, "फुकटवाल्यात हे अक्षर
पहिल्यापासून नीट होतं की हो."
होतं. अगदी खरं.
त्याला पत्र लिहायचं तर कुणाच्या नावानं,
हे मला अजून सापडलेलं नाही.

आज मुदत संपतेय.
चारशे रुपयांनी वाढवलंय ह्या वर्षी, मेल्यांनी.
शीतलअण्णा दारातून विचारतात, "भरलंस का गं?"
मी आधी कऱ्हाड टाइप करून बघते.
मग पर्समधलं कार्ड शोधते.