घडी

दोन माणसांची चादर एकटीनं घडी घालायची
तर मधला काठ हनुवटीखाली धरावा लागतो.
लांबून पाहणाऱ्याला वाटतं, बाई मान तुकवून उभी आहे.

नीथच्या इस्पितळाच्या धुलाईघरात
अकरा वर्षं समोरचे दोन कोपरे
नेस्टा प्रॉथेरोच्या हातात होते.
ती चार पावलं यायची, मी चार पावलं,
बोटांना बोटं लागायची, कोपरे हवाली,
पुन्हा मागे.
मिनिटाला तीन. बोलणं त्यातच उरकायचं:
तिच्या नवऱ्याची छाती, माझा व्हिसा,
ट्रहर्न साहेबानं कापलेली चहाची सात मिनिटं.
हुपरीकर तिला कधी जमलं नाही. कारियाद म्हणायची.
तशी ती सगळ्यांनाच म्हणायची, बॉयलरलासुद्धा.

उशांच्या अभ्र्यांत कवळ्या सापडायच्या,
अख्ख्या, हसऱ्या.
नेस्टा त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवायची,
वॉर्ड, तारीख, चिठ्ठी लावून.
येईल कुणीतरी, म्हणायची.
एवढ्या वर्षांत दोघे आले.

एकदा गाउनात राहिलेली सुई डिलिसच्या तळव्यात गेली.
नेस्टानं नियमांचं पुस्तक काढलं,
चष्मा नव्हता, हात लांब करून
ट्रहर्नच्या तोंडावर कलम वाचलं
आणि यंत्राचं बटण दाबलं.
एवढी शांतता त्या जागेत मी पहिल्यांदा ऐकली.
इचलकरंजीत माग बंद पडले की
बायका अशाच एकमेकींकडे बघायच्या.
फेब्रुवारीत नऊ दिवस फाटकाशी,
स्टार्चच्या बादलीतलं सूप पीत.
खजिनदार मी. शेवटी एकोणीस पौंड उरले,
ते कुठल्या रकान्यात लिहायचे कळेना.

मग शाखेनं तिचं नाव पुढं केलं.
पत्रकं आम्हीच दुमडली.
अख्ख्या पक्षात इतक्या सरळ घड्या कुणाच्या नव्हत्या.
निवडून आली. पुन्हा आली.
कार्डिफला नव्या मंत्रिमंडळाची घडी बसली
तेव्हा आरोग्य खातं तिच्याकडे.
टीव्हीवर शपथ चालली होती, मी तिचं मनगट शोधत होते,
इस्त्रीच्या रुळानं भाजलेलं.
बाही लांब होती.

सतरा महिन्यांनी पत्र.
धुलाईसेवेचं सुसूत्रीकरण.
सहीतल्या शेवटच्या अक्षराची शेपटी तीच,
माझ्या रजेच्या अर्जांवर साक्षीला असायची ती.

शिष्टमंडळात आम्ही सहा जणी,
गळ्यात पाहुण्यांचे बिल्ले.
तिच्या शेजारी टिपणं घेणारा एक कोवळा पोरगा.
आम्ही म्हटलं, एक्केचाळीस नोकऱ्या.
"त्रेचाळीस," ती म्हणाली,
"रात्रपाळीच्या दोघी विसरलात."
मग आमचीच बाजू तिनं
आमच्याहून नीट मांडली, कलमासकट,
आणि नाही म्हणाली.
टेबल रुंद होतं.
माझ्या चार पावलांत संपलं नसतं.

परतीच्या मिनीबसमध्ये डिलिस म्हणाली, गद्दार.
कुणीच हो म्हटलं नाही. नाहीही नाही.
मी शब्द शोधत राहिले,
मराठीतही मिळेना.
पुढं अठरा महिने मुदत वाढली, चालकांना दुसरीकडे काम लागलं.
ते तिनं केलं की आपोआप झालं,
यावर अजून दोन तट आहेत.

परवा रविवारी फोन वाजला. नंबर जुनाच.
चादर हनुवटीखाली, हात गुंतलेले,
कोपरानं स्पीकर लावला.
कशी आहेस नाही, काही नाही.
"दातांचा डबा कुणाकडे आहे?"
"माझ्याकडे," म्हटलं,
तशी चादर निसटली.
"बरं," ती म्हणाली.
आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.