उदबत्ती कुठे झुकते

चार हजार एकशे सत्तर.
हौसानं बिल दोनदा उलटंपालटं करून पाहिलं,
जणू मागच्या बाजूला कुणी
'चुकून आलं' असं लिहिलं असेल.

तीस वर्षं मी पाचगणीच्या एका शाळेत बंब पेटवला.
पहाटे साडेतीनला उठायचं,
एकशेवीस पोरांच्या आंघोळीचं पाणी.
लाकूड ओलं की सुकं, आवाजावरून सांगायचो.
आणि इकडे गोदवलीत, पत्र्याखाली,
आम्ही तिघं गोधड्यांत,
कांद्यासारखे, पापुद्र्यावर पापुद्रा.
थंडी तेव्हाही होती,
तिचं बिल येत नव्हतं एवढंच.

मार्गशीर्षात रेश्मा बाळंत झाली.
पोरगी दोन किलोला जेमतेम शंभर ग्रॅम वर.
तांबोळी सिस्टर घरी आल्या, शेगडीकडे बोट केलं :
"बंद खोलीत कोळसा?
उचला ती. आत्ता."
शेगडी अंगणात गेली, आणि मिरजेहून
जावयानं हीटर धाडला.
दोन कांड्या, लालभडक.
"रात्रभर चालू द्या," फोनवर म्हणाला.
मिरजेच्या माणसाला काय ठाऊक,
टेबललँडवरून उतरलेला वारा
कडीला हात न लावता आत येतो.

हीटरपुढे हात धरला तर पोळायचा,
पाठ मात्र गारच.
बाहेर मीटरचा तांबडा ठिपका
बाळाच्या छातीपेक्षा जोरात धडधडत होता.
शंभर युनिटांच्या पुढे दर उडी मारतो,
हे मला वायरमननं सांगितलं,
उडी मारून झाल्यावर.

"तुम्ही एवढा बंब सांभाळलात," हौसा म्हणाली,
"मग सांगा, त्याला झाकण कशाला असतं?"

मी उत्तर दिलं नाही.
सोयरात देवापुढे न लागलेल्या
उदबत्त्यांचा पुडा होता, त्यातली एक पेटवली
आणि भिंतीभिंतीनं फिरलो, चोर शोधल्यासारखा.
उंबऱ्यापाशी धूर आडवा झाला.
खिडकीच्या कोपऱ्यात वाकला, लाजल्यागत.
आणि वर, पत्रा न् भिंतीच्या मध्ये,
जिथं गवंड्याच्या शब्दाखातर
मी वीतभर जागा सोडली होती, 'हवा खेळू द्या' म्हणून,
तिथं तो असा पळत सुटला
की त्याची वाईची शेवटची एसटी चुकत होती.

चार हजार एकशे सत्तर रुपये
मी टेबललँड तापवत होतो.

भिलाऱ्यांकडून मल्चिंगचा उरलेला कागद आणला,
स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरचा, चंदेरी बाजू आत.
वीतभर फटीत विटांचे तुकडे न् चुना.
दाराखाली गोणपाटाची वळकटी.
आणि पत्र्याखाली, तारेवर ताणून,
शाळेनं मोडीत काढलेली ब्लँकेटं.
त्यांच्या कोपऱ्यांवर अजून पोरांचे नंबर आहेत :
७३, ८, १११.
कुठे असतील आता ती पोरं कुणास ठाऊक.
त्यांना पाणी कोमट लागलं की शिव्या द्यायची.
"एक झरोका ठेवा बोटभर," सिस्टर म्हणाल्या,
तो ठेवला.

मग हीटर रात्री तासभर, पहाटे तासभर.
पोरीच्या नाकाचा शेंडा
मी अंगठ्यानं तपासायचो,
बंबाच्या पितळी अंगाला लावायचो तसा.
पुढचं बिल अकराशे नव्वद.
"हेही काही कमी नाही," हौसा म्हणाली,
पण ते तिनं एकदाच पाहिलं.

फाल्गुनात रेश्मा पोरीला घेऊन मिरजेला गेली.
तिकडे आता पंखा लावतात म्हणे.

हीटर खोक्यात घालून माळ्यावर टाकलाय.
आम्ही दोघं त्याच खोलीत झोपतो,
एका गोधडीत, एक गोधडी शिल्लक.
कधी रात्री जाग आली की मी उदबत्ती लावतो.
हौसा कूस न वळता विचारते, "कुठं झुकतेय?"
धूर सरळ वर चढतो, ७३ नंबरापर्यंत,
तिथं थोडा थांबतो,
मग झरोक्याकडे निघतो,
काही घाई नसल्यासारखा.