हारा

एकोणीस वर्षं मत्रहच्या दवाखान्यात,
आणि अरबी येते ती दुखण्यापुरती.
वेन यऔरक, कुठे दुखतंय.
इफ्तह, तोंड उघडा.
तनफ्फस, श्वास घ्या.
एवढ्यावर निभावलं.
बाजारात हिंदी चालते, खोलीत मालवणी,
देवगडच्या फोनवर नुसतं "बरं आहे".

बद्रियाबाई सोमवारी वाचनालयात शिकवतात.
वय माझ्या भाचीएवढं.
त्यांनी आमच्या मोबाईलमध्ये एक खेळ घातला,
नाव हारा.
हारा म्हणजे इथे मोहल्ला.
आमच्याकडे हारा म्हणजे टोपलं,
आई त्यातून बांगडे न्यायची.
हे सांगितलं तर म्हणाल्या,
तेच की. भरून आणा.

नियम असा:
नकाशावर निळा ठिपका म्हणजे मी,
पिवळा ठिपका म्हणजे शब्द.
चालत गेल्याशिवाय शब्द उघडत नाही,
आणि उघडला तरी समोरच्या माणसानं
तो आपल्या तोंडानं म्हणायला हवा.

शुक्रवारी उन्हं उतरल्यावर निघालो,
रोवेना, शिंपी मोतालेब
आणि ड्युटीच्या पांढऱ्या बुटांत मी.
मासळीबाजारात सुरमईवर पिवळा ठिपका.
हिला काय म्हणता? मी पाठ केलेल्या अरबीत.
"सुरमई, दीदी. एकदम ताजा."
मोबाईल गप्प.
तीनदा विचारलं, तीनदा हिंदी.
शेवटी मोतालेबनं हात जोडले
तेव्हा कोळी हसला, म्हणाला, कनअद.
पाच गुण.
सुरमई घ्यावी लागली ती वेगळी.

मग गल्ल्या.
एकोणीस वर्षांत मी बंदराचा रस्ता सोडून
डावीकडे कधी वळलेच नव्हते.
एका दारात म्हातारी म्हणाली, कुर्सी,
आणि बसायला दिली.
पुढे साबून. पुढे दुक्कान. हवा तर हवाच.
शेजारणीकडे जेवायला जावं
आणि ताट उलटं केल्यावर कळावं
की आपल्या घरातल्या निम्म्या भांड्यांवर
नाव तिचं कोरलंय,
तसं काहीतरी झालं मला.

शेवटचा ठिपका लुबानच्या दुकानात.
काम उलटं: तुमचा एक शब्द यांना द्या.
यादीत असलेला चालणार नाही.
दुकानदाराचा मी आधी गुडघा ओळखला, डावा,
मग माणूस.
खल्फान. दर पंधरवड्याला इंजेक्शन.
इथे तो उभा होता, केसपेपरशिवाय,
धुरात, चक्क देखणा.

मी म्हटलं, फक्त.
माझ्या दृष्टीनं अस्सल मराठी, चेकवर लिहितो तो.
खल्फाननं पावती पुढे केली:
पाच रियाल, फकत.
शून्य गुण. रोवेना पोट धरून हसली.

आता काय द्यावं?
देवगड आठवून पाहिलं, काही सुचेना.
पाय इतके भरून आले होते
की शेवटी त्याच्या स्टुलावर बसले,
बूट काढले, मोजे काढले,
गार फरशीवर तळवे टेकले
आणि तोंडातून आपोआप निघालं,
हायसं वाटलं गं बाई.

"हाय-सा?" खल्फान.
हायसं, मी म्हटलं. हे. आणि पायांकडे बोट दाखवलं.
त्यानं पायांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
दोनदा घोळवून म्हटला.
गुण मिळाले की नाही, पाहायचं राहिलं.
मोतालेबची बोट चुकत नव्हती, पण बस चुकत होती.

काल तो आला दवाखान्यात.
कापूस फिरवला, सुई उचलली,
वेन यऔरक विचारायच्या आधीच
खुर्चीचा दांडा घट्ट धरून तो म्हणाला,
"हायसं?"

अजून नाही, मी म्हटलं,
त्याच्या भाषेत,
जमेल तशी.