अर्थिंग

लाल दिवा लागला की अॅम्प्लिफायर रुसलेला असतो.
जळालेला नव्हे. रुसलेला.
माणसं लगेच नवा आणायला निघतात.
मी म्हणते, थांबा,
आधी त्याला खुपतंय काय ते बघू.

एस्पान्योलात नोव्हेंबरच्या सकाळी
शटर वर करताना लोखंड हाताला चावतं.
बाहेर एकोणऐंशीची मॉन्टे कार्लो,
रंग असा, की डाळिंब फोडून वर काच ओतावी.
डिकीत बारा इंची दोन सबवूफर,
आणि आवाज?
वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवावी, तेवढा.

शनिवारी इत्सेलला पंधरा पूर्ण होतायत,
याच गाडीतून तिला गावभर मिरवायचंय.
सकाळी तिचा थोरला काका ओनेसिमो वायरी ओढून जायचा,
संध्याकाळी धाकटा, एलोय.
एकाच डिकीत दोघं, पण एका वेळी कधीच नाही.
घोड्यांच्या ट्रेलरवरून सहा वर्षं अबोला.
ट्रेलर केव्हाच विकला,
अबोला तेवढा राहिला.

मल्टिमीटर लावला.
बॅटरीपाशी साडेबारा, अॅम्प्लिफायरपाशी सव्वादहा.
मधले सव्वादोन व्होल्ट कुठे सांडले?
फ्यूज उजेडात धरला, तार शाबूत.
रेस दिली, तर स्पीकरमधून शिट्टी,
इंजिनाबरोबर चढत जाणारी,
अंधारात डास कानाशी यावा तशी.

मग काळ्या वायरचं बोट धरून
मागे मागे गेले.
मागच्या सीटखाली बोल्ट,
नवा, चकचकीत, जीव खाऊन आवळलेला,
आणि त्याच्याखाली रंग.
तोच डाळिंबी. हौसेने तिथेही सात थर.
रंगावर अर्थिंग धरत नाही, बाबांनो.
सगळं घट्ट,
आणि टेकलेलं कशालाच नाही.

पॉलिश पेपरने घासत बसले.
आधी लाल धूळ, मग राखाडी,
मग एकदम खालचा पत्रा,
दुधाच्या दातासारखा.

लाल गेला, हिरवा लागला. शिट्टी मेली.
आवाज मात्र तेवढाच.
खुर्ची. वरचा मजला.

इथे मी जेवून घेतलं.

परत आले ती नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेऊन.
अॅम्प्लिफायरकडची टोकं सोडवली.
डाव्याच्या वायरींना क्षणभर टेकवली,
पडदा बाहेर आला.
उजव्याच्या वायरींना, तशीच,
पडदा आत गेला.
पुन्हा करून पाहिलं. तेच.
हा हवा ढकलतो तेव्हा तो ओढून घेतो.
दोघे धडधाकट, दोघे जीव तोडून,
बेरीज शून्य.

डावा ओनेसिमोने जोडलेला. उजवा एलोयने.

चुकलं कोण म्हणाल, तर एकटा वाजवा,
कुठलाही छान वाजतो.
आणि कुठलाही एक उलटा केला की काम झालं,
डावा काय, उजवा काय.
मी नाणं उडवलं.

वाजवलं तेव्हा
भिंतीवरचे पाने टिणटिणले,
कॉफीत वर्तुळं उठली,
बरगड्यांच्या आतून कुणीतरी दार ठोठावलं.
नंबर प्लेट खडखडत होती. असू दे म्हटलं.

पाच वाजता दोघेही आले,
गाव लहान, आवाज लांब जातो.
एक डाव्या दाराशी, एक उजव्या दाराशी.
"काय झालं होतं?"
दोघांनी एकदम विचारलं,
आणि एकदम विचारलं गेल्याचा
दोघांनाही राग आला.

कोणाची वायर फिरवली ते मी सांगितलं नाही.
बिलावर लिहिलं:
अर्थिंग साफ केलं. पस्तीस डॉलर.

पाकिटं दोन निघाली.
तू ठेव. नाही, तू ठेव.
तुझे पैसे नकोत मला.
आणि तो ट्रेलर तरी कोणाच्या पैशांचा होता रे?

मी हात लांब करून
गाण्याचा आवाज कमी केला.